साठ हजार युनिटांचं ऊन

खान्देशात ऊन ही मिरवायची गोष्ट आहे. पाहुणा आला की पुणेकर शनिवारवाडा दाखवतात, नाशिककर गोदाघाट दाखवतात, आम्ही पारा दाखवतो. एप्रिल उलटला की जळगावच्या टपरीवर चहा यायच्या आधी 'आज किती?' हा प्रश्न येतो. गावात सोन्याची पेठ आहे, केळीचा बाजार आहे, पण हा प्रश्न ना सोन्याचा असतो ना केळीचा. कुणी '४४' म्हणालं की भुसावळचा अपडाऊनवाला '४६' सांगून त्याला जागच्या जागी गार करतो. घोळक्यात एखादा धुळेकर असला तर तो आकड्यांच्या भानगडीत पडत नाही. 'तुमच्याकडे केळीच्या बागा तरी आहेत, आमच्याकडे नुसतं ऊन' एवढं बोलून तो पैज मारून जातो.

अलीकडे मात्र या मुलखात आणखी एक आकडा मिरवायला लागलाय. तो रक्ताच्या रिपोर्टवर असतो. सोसायटीच्या जिन्यात, शाळेच्या फाटकाशी, हळदीकुंकवाच्या चटईवर आया एकमेकींना सांगतात, 'आमच्याचं डी १४ आलं.' दुसरी म्हणते, 'तुमचं बरंय बाई, आमच्याचं ९!' इथे जो खाली तो वरचढ. खान्देशचे हे दोन आकडे. एक दरवर्षी चढतो, दुसरा दरवर्षी उतरतो. वर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन आणि खाली उन्हाचं जीवनसत्त्व कमी पडलेली लेकरं, हा चमत्कार आम्ही करून दाखवला आहे.

धुळ्याला देवपुरात एका मेडिकलवर मे महिन्यातल्या दुपारी हा चमत्कार जवळून बघायला मिळाला. काउंटरसमोर तिघं उभे होते. सूनबाईंच्या तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, हातांना खांद्यापर्यंत मोजे, अंगात सनकोट. मधे आठेक वर्षांचा नातू. त्याच्या डोक्यावर टोपी, टोपीवर रुमाल, रुमालाच्या फटीतून दोन डोळे. आणि शिंदखेड्याच्या बाजूच्या खेड्यातून आलेली आजी, डोक्यावरचा पदर सोडला तर काहीही न गुंडाळलेली. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली आणि बोटाएवढ्या पुड्या काउंटरवर ठेवल्या.

"दुधात टाकून द्यायची. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी एक लिहिलीय, रोज नाही बरं का."

आजीने पुडी उचलून उलटसुलट केली. "हाई काय शे रे भाऊ?"

"आजी, उन्हाचं जीवनसत्त्व आहे. पोराला ऊन कमी पडलं की द्यावं लागतं."

आजीने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. डांबर पाघळलेलं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मग ती सावकाश म्हणाली, "बठ्ठं धुळं उनमा तपी राह्यनं, नि तू पुडीमा ऊन इकी राह्यना? आमना खयामा इतलं फुकट पडेल शे!"

मेडिकलवाला हुशार होता. तो म्हणाला, "खळ्यातलं ऊन चांगलंच आहे आजी. पण नातू कुठं खळ्यात असतो?"

यावर आजी काही बोलली नाही. सूनबाईंनी फोनने पैसे दिले आणि तिघं कारच्या दिशेने पळाले. आजी चालत गेली.

आता ती पुडी. तिच्यावर मोठ्या अक्षरात '६०,००० आययू' असं छापलेलं असतं. हा आकडा वाचूनच निम्म्या पालकांच्या हाडांत बळ येतं. साठ हजार म्हणजे काहीतरी भक्कम ऐवज असणार असं वाटतं. पण ड जीवनसत्त्वाची ४० युनिटं मिळून एक मायक्रोग्रॅम होतो. म्हणजे साठ हजार युनिटं म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम, म्हणजेच दीड मिलिग्रॅम. पुडीतली पूड एक ग्रॅम असेल तर त्यातला दीड मिलिग्रॅम सोडून बाकी सगळी साखर, वास आणि भर. जळगावच्या सराफाने एवढ्या मालासाठी काटा पुसायलासुद्धा घेतला नसता. पण औषधात वजनाला नाही, गुणाला किंमत असते. तान्ह्या बाळाची रोजची गरज ४०० युनिटं, म्हणजे अवघे दहा मायक्रोग्रॅम. निसर्गाने एवढ्याशा चिमटीवर अख्ख्या सांगाड्याचा हिशेब ठेवलाय. आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जावं, ते हाडापर्यंत पोचावं आणि हाडं मऊ राहू नयेत, ही सगळी मुकादमी ड जीवनसत्त्वाकडे. मुकादम रजेवर गेला की वीट-सिमेंट साइटवर पडून राहतं आणि भिंत वाकते. लहान मुलांत त्यालाच मुडदूस म्हणतात.

ही पूड येते कुठून, ही गंमत तर सूनबाईंनाही ठाऊक नसेल. औषधातलं बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीपासून करतात. लोकर धुतली की तिच्यातून मेणचट चरबी निघते, लॅनोलिन. त्यातलं कोलेस्टेरॉल वेगळं काढायचं, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून माणसाच्या कातडीत असतो तसाच पदार्थ बनवायचा आणि मग त्यावर अतिनील किरणांचे दिवे सोडायचे. झालं ड जीवनसत्त्व. थोडक्यात, मेंढीच्या अंगावरची चरबी घेऊन तिला कारखान्यात दिव्याचं ऊन दाखवायचं आणि पुडीत भरायचं. आणि ती पुडी घेऊन आमची कार साक्री रोडला लागते, तेव्हा बाजूने ठेलारी मेंढपाळ आपला मेंढ्यांचा वाडा घेऊन चाललेला असतो. त्याच्या मेंढ्या उन्हात, तो उन्हात, त्याची पोरं उन्हात. कारच्या मागच्या सीटवर काळ्या काचेआड बसलेलं आमचं लेकरू बोट दाखवून म्हणतं, 'पप्पा, शीप!'

कारची काच वर असेल तर त्या लेकराला ऊन लागूनही उपयोग नसतो. ज्या अतिनील-बी किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते साध्या काचेतून आत येतच नाहीत. गरमी येते, उजेड येतो, कामाचा तेवढा माल बाहेर राहतो. 'आमच्या हॉलमधे भरपूर ऊन येतं हो' असं सांगणाऱ्या फ्लॅटधारकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. स्लायडिंगच्या काचेतून आलेल्या उन्हात सोफ्याचा रंग उडतो, हाडं मजबूत होत नाहीत.

आमच्या लहानपणी ऊन टाळायची सोयच नव्हती. शाळा पत्र्याची, मैदान मातीचं आणि मास्तर तापट. गृहपाठ नाही केला की 'जा, ग्राउंडला तीन चकरा मार'. उत्तर चुकलं की अंगठे धरून उन्हात उभं. परिपाठ लांबला की सगळी शाळा उन्हात. या मास्तर मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या जे ड जीवनसत्त्व फुकट वाटलं, त्याची कुठे नोंद नाही. आज मास्तरांनी पोराला उन्हात उभं केलं तर संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मास्तरच उन्हात उभे राहतात. शिक्षा गेली हे उत्तमच झालं. पण शिक्षेबरोबर मैदानही गेलं. पी.टी.चा तास गणिताच्या सरांनी 'पोर्शन राहिलाय' म्हणून घेतला तो परत दिलाच नाही.

दुपारच्या उन्हाची वेळ आता क्लासची असते. सकाळी शाळा, मग क्लास, मग दुसरा क्लास, मग क्लासच्या अभ्यासाचा क्लास. घरी आलं की कूलर. खान्देशी कूलर हे काय प्रकरण आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. लोखंडी पत्र्याचा, खिडकीएवढा, चालू केला की घरातलं बोलणं बंद पडतं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, मधोमध मोबाइलच्या निळ्या उजेडात बसलेलं लेकरू. संध्याकाळी सहाला आई म्हणते, 'जा आता खाली खेळायला, ऊन उतरलं.' ऊन उतरलं म्हणजे दुकान बंद झालं. गिऱ्हाईक तेव्हा निघतं.

आणि भरदुपारी वर गच्चीवर काय चाललेलं असतं? चैत्र-वैशाखात खान्देशातल्या कुठल्याही गच्चीवर जाऊन बघा. जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यावर ज्वारीची बिबडी, उडदाचे पापड, कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस. दर अर्ध्या तासाला आई वर जाऊन ते उलटून येते. 'हे बाजूनं ओलं राहिलंय, अजून एक ऊन दाखवावं लागेल.' पापडाच्या दोन्ही बाजूंना ऊन लागलं पाहिजे याची इतकी काळजी! पोराच्या एकाही बाजूला लागत नाही. पापडाला कितीही ऊन दाखवलं तरी त्यात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, हे इथे नमूद करतो. ते पोरात होतं. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक कलम आहे. 'उन्हात जाऊ नको, काळी पडशील.' मुलीचं लग्न वीस वर्षांनी असतं, पण तिचा रंग आतापासून सावलीत मुरायला ठेवतात. सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं, म्हणजे आमच्या लेकींना ऊन जास्त हवं. मिळतं सगळ्यात कमी.

हे निव्वळ माझं रडगाणं नाही. केंद्र सरकारने २०१६ ते १८ या काळात मुलांच्या पोषणाचं देशभर सर्वेक्षण केलं. त्यात १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्के, ५ ते ९ मधल्या १८ टक्के आणि १० ते १९ मधल्या २४ टक्के मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. आकडे नीट वाचा. दप्तर वाढत जातं तसं जीवनसत्त्व घटत जातं. खेड्यातल्यापेक्षा शहरातल्या मुलांत कमतरता अधिक, मुलांपेक्षा मुलींत अधिक. म्हणजे भारतात हा एकच असा आजार असावा की ज्यात शहरात फ्लॅट घेतल्याचा तोटा होतो. पण गरिबालाही सुटका नाही. पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी वस्तीतल्या छोट्या मुलांचा अभ्यास केला होता. जी मुलं पाळणाघरात जात आणि रोज उन्हात खेळत, त्यांच्या मानाने आई कामावर गेल्यावर दिवसभर अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या मुलांत मुडदूस जास्त दिसला. बंगला असो की झोपडी, पोर आत कोंडलं की हाडं तक्रार करतातच.

आता कुणी म्हणेल, मग काय पोरं मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर सोडू? इथेच खरी पंचाईत आहे. विज्ञान सांगतं, तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. साधारण सकाळी ११ ते दुपारी ३. आणि उन्हाळ्यात सरकार सांगतं, दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका. डॉक्टरांचं ऐकावं तर उष्माघात, सरकारचं ऐकावं तर मुडदूस. जळगाव-धुळे एकविसाव्या अक्षांशाच्या आजूबाजूला आहेत, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भरदुपारी क्षणभर सावली पायाखाली जाते. सावलीच्या नियमाने बघितलं तर ड जीवनसत्त्वाचा हा वर्षातला सर्वांत मोठा मुहूर्त. आणि २०२४ मध्ये नेमक्या याच आठवड्यात, २५ मे ते ३ जून, जळगाव जिल्ह्यात उष्णतेच्या लाटेमुळे कलम १४४ खाली आदेश निघाले: मजुरांकडून उन्हात काम करून घेऊ नका, क्लासवाल्यांनी भरदिवसा मुलांना बोलावू नका. एरवी आमच्याकडे फौजदारी म्हटलं की डाळ आठवते. त्या वर्षी सूर्यावरच फौजदारी कलम लागलं. आदेश योग्यच होता. पंचेचाळिशीच्या उन्हात जीवनसत्त्वापेक्षा जीव महत्त्वाचा. खिशात कांदा आणि पोटात पन्हं असल्याशिवाय तेव्हा अंगणातही जाऊ नये.

पण वर्ष म्हणजे काही मे महिना नव्हे. दसऱ्यापासून होळीपर्यंत खान्देशचं ऊन असं असतं की परदेशातली माणसं त्यासाठी विमानाची तिकिटं काढून गोव्याला येतात. डिसेंबरात जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी दुपारी बाराला उभं राहिलं तर चटका बसत नाही, ऊब बसते. युरोपात हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की कामाचे किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. आपल्या अक्षांशावर ते बाराही महिने पोचतात. आणि त्या सुंदर दुपारी आपली पोरं कुठे असतात? क्लासला. उन्हाळ्यात उन्हाच्या भीतीने आत, पावसाळ्यात चिखलाच्या भीतीने आत, हिवाळ्यात सर्दीच्या भीतीने आत. मग मार्चमध्ये रिपोर्ट.

या किरणांचं मोल जगाला कळलं तेही उन्हाच्या दुष्काळातच. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा बर्लिनमध्ये मुडदूस झालेली पोरं ठायी ठायी होती. कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने १९१९ मध्ये अशा मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश सोडला आणि त्यांची हाडं सुधारली. त्याच सुमारास इंग्लंडात मेलनबी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून कॉड माशाच्या तेलाचा गुण दाखवला, आणि १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकॉलम यांनी त्या तेलातल्या गुणकारी घटकाचा वेगळेपणा सिद्ध करून पुढे त्याला 'डी' हे नाव दिलं. बर्लिनला ऊन नव्हतं म्हणून त्यांनी दिवा लावला. आमच्याकडे ऊन आहे, आम्ही ते दिव्याने केलेलं विकत घेतो.

माशाच्या तेलाने मात्र खान्देशात मोठा पेच केला होता. त्या पिवळ्या, पारदर्शक, मण्यासारख्या गोळ्या पूर्वी घरोघरी यायच्या. ज्या घरात आजोबा माळकरी, आषाढीला पायी जाणारे, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, त्या घरात नातवाला मासा कसा द्यायचा? आई म्हणायची, 'ही ताकदीची गोळी आहे.' आजोबा विचारायचे, 'वास कसला येतो?' आई म्हणायची, 'ताकदीचा.' गळ्यात तुळशीची माळ आणि पोटात कॉडचं तेल घेऊन एक अख्खी पिढी मोठी झाली आणि पांडुरंगाने तिकडे काणाडोळा केला.

आज मासा गेला आणि चॉकलेट आलं. थेंब, सरबत, चघळायच्या गोळ्या, अस्वलाच्या आकाराच्या मऊ गोळ्या, आणि दुधात घालायची पावडर. पावडरच्या डब्यावर एक मुलगा कायम उडी मारत असतो. आपला मुलगा तो डबा घेण्यासाठी दुकानात लोळत असतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका. कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. आमच्या घरोघरच्या आयांनी मात्र ती व्याख्या कधीच करून ठेवली आहे: ज्याने पोरगं दूध पितं ते हेल्थ ड्रिंक.

उंचीचा प्रश्न तर हाडांपेक्षा नाजूक. दारामागच्या भिंतीवर पेन्सिलने खुणा केलेल्या असतात. शेजारच्याचा मुलगा चार बोटं पुढे गेला की लगेच 'कॅल्शियम कमी आहे'. वडील पाच फूट तीन, आई चार फूट अकरा, आणि पोराने सहा फूट व्हावं ही जबाबदारी पुडीवर. आणि ज्या घरात तान्हं चालायला लागतं, तिथे प्रत्येक आत्या येऊन त्याचे पाय बघून जाते. 'वाकडे वाटतात गं.' साधारण दोन वर्षांपर्यंत मुलांचे पाय थोडे धनुष्यासारखे असतात, तीन-चार वर्षांची झाली की गुडघे एकमेकांना टेकतात आणि सातेक वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतात. हा निसर्गाचा नेहमीचा क्रम. पण मनगटं जाड झालेली, टाळू लवकर न भरलेली, चालायला फार उशीर किंवा दोन वर्षांनंतरही वाढत चाललेला वाकडेपणा दिसला, तर आत्याकडे नाही, डॉक्टरांकडे जायचं.

खाण्याच्या बाबतीत मी आधीच हात जोडतो, कारण पुढचं वाक्य जळगावात राहून लिहिणं धोक्याचं आहे. केळ्यात ड जीवनसत्त्व नसतं. कॅल्शियमही नावापुरतंच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळालं; ड जीवनसत्त्व दोघांपैकी कुणालाच मिळालं नाही. केळं खावं, भरीत तर दोन भाकरी जास्त खावं, पण हाडांचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा. दहा वर्षांच्या आतल्या शाळकरी पोराला दिवसाला साधारण साडेसहाशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते दूध-दही-ताकात आहे, तिळात भरपूर आहे, नाचणीत आहे, शेवग्याच्या पाल्यात आहे. उडीद आणि ज्वारी एकत्र दळून केलेली आमची कळण्याची भाकरी, वर तिळाची चटणी आणि वाटीभर दही, हे ताट कुठल्याही डब्यावरच्या उड्या मारणाऱ्या मुलाला भारी आहे. ड जीवनसत्त्व मात्र शाकाहारी ताटात जवळपास नसतंच. अंड्याच्या बलकात थोडं, तेलकट माशांत बऱ्यापैकी. म्हणून तर ऊन.

आता आजीबाईंच्या कोवळ्या उन्हाबद्दल. तेल लावून सकाळी सातच्या उन्हात तान्ह्याला मांडीवर घेऊन बसणं हे दृश्य फार गोड असतं. बाळ सुखावतं, आजीचे गुडघे शेकतात, शेजारणीशी बोलणं होतं. पण तेव्हा सूर्य तिरपा असतो आणि कामाचे किरण फारच थोडे पोचतात. शिवाय आईच्या दुधात बाकी सगळं असतं, ड जीवनसत्त्व पुरेसं नसतं. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की जन्मापासून वर्षाचं होईपर्यंत प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिटांचे थेंब द्यावेत. आजी कितीही कोवळं ऊन दाखवो, हे थेंब द्यायचेच. फक्त बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती युनिटं ते वाचायचं; कुठे ४०० असतात, कुठे ८००. ड्रॉपर तोच, डोस दुप्पट.

मोठ्या मुलांचं गणित वेगळं. धडधाकट खेळणाऱ्या मुलाचं रक्त उगीच तपासायची गरज नसते. तपासलंच, तर याच संघटनेच्या हिशेबाने २० च्या वर आकडा म्हणजे पुरेसा, १२ ते २० म्हणजे काठावर आणि १२ च्या खाली म्हणजे कमतरता. बऱ्याच लॅबच्या कागदावर मात्र ३० ची रेघ असते. त्यामुळे २२ आलेल्या पोराच्या नावापुढे ठळक अक्षरात 'कमी' छापून येतं, आई त्या रात्री झोपत नाही आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात ती बातमी होते.

पुडी वाईट नाही. ज्याला खरंच कमतरता आहे त्याला ती तारते, मुडदूस झालेल्या पोराचे पाय तिने सरळ केलेत. तक्रार पुडीबद्दल नाही, तिच्यावर सगळं सोपवून गच्चीचं दार लावून घेण्याबद्दल आहे. उन्हाची एक खुबी पुडीत नाही. कातडी हवं तेवढंच ड जीवनसत्त्व बनवते आणि जास्तीचं तिथल्या तिथे मोडून टाकते. उन्हातून त्याचा अतिरेक होत नाही, पुडीतून होतो. 'पंधरा दिवसांनी एक' हे 'रोज एक' असं ऐकलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, पोर ओकायला लागतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. दीड मिलिग्रॅमची ताकद तेव्हा कळते.

तेव्हा खान्देशातल्या समस्त आई-बापांना एवढीच विनंती. तान्ह्याला थेंब द्या, मोठ्याला ताटात दही-तीळ द्या. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज अर्धा तास, भरदुपारी, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आणि हाफ पँटमध्ये त्याला मैदानावर सोडा. मुलगी असेल तर तिलाही, फ्रॉकमध्ये आणि स्कार्फ घरी ठेवून. क्लासवाल्यांना सांगून त्या वेळेची बॅच बदलून घ्या. आणि पुडी लागलीच, तर डॉक्टर सांगतील तेवढीच, सांगतील तितक्याच दिवसांच्या अंतराने. कॅलेंडरवर तारखेला गोल करून.